नव्या वर्गाची नावं लक्षात कशी ठेवावीत: शाळेतल्या पहिल्या पंधरवड्यासाठी

जूनच्या मध्याला शाळा उघडते आणि पहिल्याच तासाला साठ चेहरे तुमच्याकडे बघत असतात. त्यांना तुमचं एक नाव लक्षात ठेवायचं असतं, तुम्हाला त्यांची साठ. माध्यमिकला विषय शिकवत असाल तर चार तुकड्या धरून दोनशेच्या वर. बी.एड.ला पाठ टाचण काढायला शिकवतात, फळ्यावर अक्षर कसं असावं ते शिकवतात. नावं लक्षात कशी ठेवायची हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

माझ्या पहिल्या वर्षी एका मुलीला मी जवळजवळ दिवाळीपर्यंत तिच्या मोठ्या बहिणीच्या नावानं हाक मारत होते. बहीण वरच्या वर्गात, बोलकी, सगळ्या शाळेला ठाऊक असलेली. धाकटी हाक मारली की वळायची, उत्तर द्यायची, खाली बसायची. सहामाहीचे पेपर तपासताना तिचं नाव वाचलं आणि मला चूक कळली. दुसऱ्या दिवशी तिला जवळ बोलावून विचारलं, "बाळा, सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "सगळेच तसं म्हणतात बाई."

त्या वर्षापासून मी हे काम नीट करायला लागले. आधी चुकतमाकत, मग स्मरणावरचं संशोधन वाचत, आणि दर जूनमध्ये ते वर्गात करून बघत. या वर्षी जे नव्यानं रुजू होत आहेत त्यांचा वेळ वाचावा म्हणून सगळं क्रमानं मांडते.

## आधी एवढं समजून घ्या: नाव सगळ्यात शेवटी येतं

ओळखीचं माणूस समोर आलं की मेंदूत तीन गोष्टी पाठोपाठ घडतात. आधी चेहरा ओळखीचा वाटतो. मग हा कोण, कुठला, कशामुळे माहीत, हे आठवतं. आणि अगदी शेवटी, आलंच तर, नाव येतं. ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ विकी ब्रूस आणि अँडी यंग यांनी १९८६ मध्ये हा क्रम मांडला. त्याच्या आदल्या वर्षी यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२ जणांना आठ आठवडे रोजनिशी लिहायला लावली होती: माणूस ओळखताना जी चूक होईल ती लगेच टिपायची. हजाराच्या वर नोंदी जमल्या. "हा कोण ते माहीत आहे, पण नाव आठवत नाही" अशा नोंदी भरपूर होत्या. याच्या उलट, म्हणजे नाव आठवलं पण माणूस कोण ते कळलं नाही, अशी एकही नव्हती.

म्हणजे मुलाचा चेहरा, त्याचा बाक, त्याचं अक्षर हे सगळं आठवतं आणि नाव तेवढं येत नाही, ही तुमची बेपर्वाई नव्हे. नावाकडे जाणारी वाटच सगळ्यात अरुंद आहे.

ती अरुंद का, याचं उत्तर १९८७ च्या एका प्रयोगात आहे. लोकांना अनोळखी चेहरे दाखवून प्रत्येकाचं आडनाव आणि व्यवसाय सांगितला. गंमत अशी की आडनावं आणि व्यवसाय यांसाठी काही शब्द तेच वापरले होते. इंग्रजीत बेकर हे आडनावही आहे आणि पाव भाजणाराही. "हा बेकर आहे, म्हणजे पाव भाजतो" हे लोकांना सहज आठवलं. "याचं आडनाव बेकर" हे मात्र विसरलं. शब्द तोच.

आपल्याकडे याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. "तो माणूस सुतार आहे" म्हटलं की रंधा दिसतो, लाकडाच्या भुश्शाचा वास येतो, घरी मागच्या वर्षी बसवलेली खिडकी आठवते. आठवणीला धरायला दहा फांद्या मिळतात. "त्यांचं आडनाव सुतार" म्हटलं की त्यातली एकही फांदी हाताला लागत नाही, कारण ते गृहस्थ बँकेत नोकरी करत असतात. नाव माणसाबद्दल काही सांगत नाही, ते फक्त त्याच्याकडे बोट दाखवतं.

मेंदूत ही वाट खरोखरच वेगळी असते. चेहरे ओळखायचं काम मुख्यतः मेंदूच्या खालच्या अंगाला, उजव्या बाजूला जास्त, चालतं. माणसांची नावं बाहेर काढायला डाव्या कानशिलामागचा, टेम्पोरल लोबच्या पुढच्या टोकाचा भाग लागतो. हॅना डमासिओ आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवलं की तिथे इजा झालेल्यांना माणसांची नावं सांगणं जड जातं, तर प्राण्यांची आणि अवजारांची नावं अडतात ती त्याच्या मागच्या भागांना इजा झाली की. इटलीत कार्लो सेमेंझा यांनी १९८८ मध्ये असा एक रुग्ण नोंदवला, ज्याला वस्तूंची नावं नीट येत, पण माणसांची आणि गावांची येईनात. चित्रातला माणूस कोण, त्यानं काय काम केलं, हे तो व्यवस्थित सांगे. फक्त नाव गेलेलं.

यातून शिक्षकानं घ्यायचं ते दोन शब्दांत असं: नुसतं ऐकून नाव बसणार नाही. त्याला फांद्या द्याव्या लागतील, आणि ती अरुंद वाट पुन्हा पुन्हा चालून रुळवावी लागेल.

## काय काय लागेल

- हजेरीपटाची एक झेरॉक्स. मूळ पटावर काही खुणा करू नका, तो शाळेचा दस्तऐवज आहे.
- बाकांचा कोरा नकाशा: आडव्या-उभ्या चौकोनांचा एक कागद, त्याच्या पाच-सहा प्रती. एक भरायची, बाकीच्या कोऱ्याच ठेवायच्या. कोऱ्या प्रतींचं काम चौथ्या पायरीला आहे.
- शिसपेन्सिल आणि खोडरबर. पेनानं लिहू नका, मुलं बाक बदलतात.
- खिशात मावणारी छोटी वही.
- रोज दहा मिनिटं, पण सलग नकोत. दोन-दोन मिनिटांचे पाच तुकडे.

मुलांचे फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवायचा सल्ला मी देत नाही. मुलांचे चेहरे आणि नावं एकत्र असलेली यादी हरवली किंवा चुकून एखाद्या ग्रुपवर गेली तर ती परत घेता येत नाही. शिवाय फोटो बघून पाठ केलेला चेहरा हा फोटोतला चेहरा असतो. वर्गातला हलतो, हसतो, पाठमोरा असतो.

## पायरी १: शाळा उघडण्याआधी पट मोठ्यानं वाचा

पहिल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी झेरॉक्स घेऊन बसा आणि सगळी नावं एकदा तोंडानं म्हणा. पाठ करू नका. जिभेला वळण लागू द्या, एवढंच. ज्या नावावर जीभ अडखळते त्याखाली रेघ मारा. त्या मुलाला उच्चार विचारायचा आहे.

मग सारखी वाटणारी नावं शोधून त्यांना गोल करा. हल्लीच्या वर्गात आरोही, आराध्या, आर्या, आरुषी एकाच पटावर सापडतात. श्रेया, श्रावणी, श्रुती यांचंही तेच. सुरुवातीचा आवाज सारखा असलेली नावं एकमेकींना अडवतात: एक ओढायला जावं तर दुसरी हातात येते. यांना एकाच दिवशी शिकू नका. आरोही सोमवारी, आराध्या गुरुवारी.

इथला सापळा हजेरी क्रमांकाचा आहे. बरेच नवे शिक्षक पट क्रमानं पाठ करतात आणि आठवड्यात एक ते साठ घडाघडा म्हणतात. मीही म्हणत होते. पण मग लक्षात येतं की आपल्याला यादी पाठ झाली आहे, मुलं नाहीत. "सतरा नंबर" म्हटलं की नाव येतं, चेहरा बघून येत नाही. हजेरी घेताना प्रत्येक "हजर बाई"ला मान वर करून त्या मुलाकडे पाहिलंत तरच त्या हजेरीचा उपयोग. वेळ दुप्पट लागतो, पहिले पंधरा दिवस लागू द्या.

## पायरी २: पहिल्या दिवशी दहाच नावं, पण नीट

आपण ज्याला विसरणं म्हणतो ते पुष्कळदा विसरणं नसतंच. नाव आत गेलेलंच नसतं. मूल नाव सांगत असताना आपण पुढच्या बाकाकडे बघत असतो, खिडकीतून येणाऱ्या पावसाचा विचार करत असतो.

साठ मुलांना ओळीनं उभं करून "आपापलं नाव सांगा" हा प्रकार आपण सगळे करतो. ओळखीसाठी ठीक, शिकण्यासाठी निकामी. मुलांनाही एकमेकांची नावं त्यातून कळत नाहीत. माल्कम ब्रेनर यांनी १९७३ मध्ये दाखवलं की ओळीनं बोलताना आपल्या अगदी आधी जो बोलतो त्याचं बोलणं माणसाच्या लक्षात सगळ्यात कमी राहतं, कारण तो स्वतःच्या पाळीची तयारी करत असतो.

त्यापेक्षा रोज दहा मुलं घ्या. प्रत्येकापाशी जा आणि अर्धा मिनिट फक्त त्याचं. हा क्रम पाळा:

1. चेहऱ्याकडे बघून नाव विचारा.
2. ऐकलं तसं लगेच परत म्हणा. चुकलात तर मूल दुरुस्त करेल. ते याच क्षणी करून घ्या, दिवाळीला नको.
3. "तुला वर्गात काय म्हणून हाक मारू?" हे विचारा.
4. एक गोष्ट विचारा जिचं उत्तर मुलाला सांगावंसं वाटेल.
5. नकाशावर नाव लिहा.

तिसरा प्रश्न कधीही गाळू नका. पटावरचं नाव मुलाला आवडत असेलच असं नाही. सातारा जिल्ह्यात मुलगाच हवा असताना झालेल्या कितीतरी मुलींची नावं "नकुशा" ठेवलेली होती. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये साताऱ्यात कार्यक्रम घेऊन अशा २८५ मुलींना नवी नावं दिली गेली, त्यातल्या कित्येकींनी ती स्वतः निवडली. एवढं टोकाचं नसेल तुमच्या वर्गात. पण घरात एक, पटावर दुसरं आणि मित्रांत तिसरं नाव असलेलं एक तरी मूल असतं. त्याला हवं असलेलं नाव शिका.

## पायरी ३: नावाला फांद्या द्या

चौथ्या प्रश्नाचं उत्तर इथे कामाला येतं. आठवतं ना, आधी माणसाची माहिती येते आणि तिच्या मागून नाव. मग माहिती जितकी जास्त, तितके नावाकडे जायचे रस्ते जास्त. "घरी किती माणसं?" यापेक्षा "शाळेत येताना वाटेत काय लागतं?" हा प्रश्न मला बरा वाटतो. एकीच्या वाटेत ओढा असतो, पाऊस झाला की तिला वळसा घालून यावं लागतं. एकाच्या वाटेत त्याच्या मामाची पिठाची गिरणी. ही माहिती नकाशावर नावाखाली दोन शब्दांत लिहा: "ओढा", "गिरणी".

आपल्या भाषेची यात मोठी मदत आहे. मराठी कानाला पुष्कळ नावांचा अर्थ जागच्या जागी कळतो: सागर, वर्षा, उषा, ज्योती, मेघना. पण रोज ऐकून आपण त्या अर्थाला बहिरे झालेले असतो. वर्षाला हाक मारताना पाऊस डोळ्यांसमोर येत नाही. तो मुद्दाम आणावा लागतो, आणि त्या मुलीशी जोडावा लागतो: ओढ्यावरून येणारी वर्षा. ज्या नावांचा अर्थ तुम्हाला ठाऊक नाही, त्यांचा अर्थ मुलालाच विचारा. विहान म्हणजे पहाट, हे सांगताना त्या मुलाचा जो चेहरा होतो तो तुम्ही विसरणार नाही.

चेहऱ्यातलं काहीतरी ठळक पकडून त्यावर विचित्र चित्र रचायचं, ही युक्ती बऱ्याच ठिकाणी सांगतात. शांत खोलीत चित्रांवर प्रयोग केला की ती चालते. पण पीटर मॉरिस, कॅथरीन फ्रिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती खऱ्या पार्टीत, माणसांच्या गर्दीत करून बघितली, तेव्हा ती काही न करण्यापेक्षाही मागे पडली. बोलता बोलता चित्र रचायला मन मोकळं नसतं. वर्गात तर नसतंच.

माझा त्या युक्तीला दुसराही आक्षेप आहे. चेहऱ्यातलं ठळक काही शोधायला गेलं की आपण दात, नाक, रंग, जाडी यांकडे जातो. मनात ठेवलेली खूण कधी ना कधी तोंडावाटे निघते आणि त्या मुलाला शाळा सुटेपर्यंत चिकटते. मुलाच्या शरीरावरून खूण ठेवू नका. आडनावावरूनही नको. आपल्याकडे आडनावात गाव असतं, काम असतं, आणि त्याच्या आडून जातही असते. आडनावानं हाक मारणारा शिक्षक नकळत वर्गाला ती आठवण करून देत राहतो. पहिलं नाव शिका.

याउलट एक आपली स्वतःची युक्ती आहे आणि ती उत्तम चालते: उखाणा. नाव घ्यायचं ते यमकात, लयीत गुंफून, हे आपल्याकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. लय आणि यमक नावाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवतात. पहिली ओळ म्हटली की दुसरीच्या शेवटी काय येणार हे जिभेला कळतं. मराठीच्या पहिल्या-दुसऱ्या तासाला मुलांना स्वतःच्या नावाच्या दोन ओळी रचायला सांगा. पाचवीपासून पुढची मुलं झकास रचतात. मी फळ्यावर एक नमुना लिहून देते: "डोंगराच्या कुशीत झऱ्याचं पाणी, वर्गात पहिल्या बाकावर बसते वाणी." मग थांबवावं लागतं त्यांना.

## पायरी ४: बघू नका, आठवा

बाकी सगळं विसरलात तरी ही पायरी करा.

यादी दहा वेळा वाचणं आणि यादी झाकून दहा वेळा आठवणं यात मोठा फरक आहे. वाचताना नाव आपल्यासमोर आयतं असतं, मेंदूला ती अरुंद वाट चालावीच लागत नाही. आठवताना लागते, आणि दर वेळी चालल्यानं ती रुळते. नावांवरचा याबाबतचा गाजलेला प्रयोग टॉमस लँडाउअर आणि रॉबर्ट ब्यॉर्क यांचा, १९७८ चा. आठवण्याचं अंतर दर वेळी वाढवत नेलं तर नावं चांगली टिकतात, असं त्यांना दिसलं. अंतर वाढतंच हवं की सारखं चालेल, यावर पुढे बरीच चर्चा झाली. पण मधे वेळ जाऊ द्यावा आणि मग स्वतः आठवावं, याबद्दल दुमत नाही.

माझ्या वर्गात ते असं बसतं. सकाळी पहिल्या तासाला दहा नावं घेतली की:

- दोन बाक पुढे गेल्यावर मनात मागे वळा: त्या मुलाचं नाव काय होतं?
- तास संपताना वर्गावर नजर फिरवून दहाही नावं मनात म्हणा.
- दुपारी पोषण आहाराच्या रांगेत खिचडी वाढताना प्रत्येकाला नावानं वाढा.
- शाळा सुटताना दारात उभं राहा. "उद्या भेटू" पुढे नाव.
- दुसऱ्या दिवशी सकाळी, वर्गात शिरण्याआधी, कोरा नकाशा काढून कालचे दहा चौकोन भरा.
- मग तिसऱ्या दिवशी. मग सोमवारी.

कोरा नकाशा भरताना अडलात तर लगेच भरलेला उघडू नका. आधी माहिती आठवा: तिसरा बाक, खिडकीकडची, वाटेत गिरणी नव्हे, देऊळ... बहुतेक वेळा नाव मागून येतं. पाच-सात सेकंदांत नाही आलं तर बघा, मोठ्यानं म्हणा, आणि दोन मिनिटांनी परत विचारा स्वतःला.

दोन सोप्या सवयी मी प्रत्येक नव्या शिक्षकाला सांगते.

पहिली, वह्या स्वतः वाटा. तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा मॉनिटरकडे देऊ नका. वही हातात घ्या, नाव वाचा, मान वर करण्याआधी चेहरा डोळ्यांसमोर आणा, मग त्या दिशेला चालत जा. चुकलात तर वर्ग सांगेल. दुसऱ्या आठवड्यापासून उलट करा: मुलाकडे बघा, नाव म्हणा, मग गठ्ठ्यातून त्याची वही काढा. साठ वह्या म्हणजे साठ प्रश्नांची परीक्षा, आणि एरवीही करायच्याच कामात ती होऊन जाते.

दुसरी, नावांची साखळी. मोकळा तास मिळाला की दहा-बारा मुलांचा गोल करा. पहिला आपलं नाव सांगतो, दुसरा पहिल्याचं आणि आपलं, तिसरा तिघांचं. शेवटची पाळी तुमची. मॉरिस आणि फ्रिट्झ यांनी २००० मध्ये असा खेळ विद्यार्थ्यांच्या गटांत घेऊन बघितला आणि नेहमीच्या ओळखपरेडीपेक्षा त्यातून नावं कितीतरी जास्त लक्षात राहिली. कारण तेच: प्रत्येक जण नावं ऐकत नाही, बाहेर काढतो. नव्यानं दाखल झालेल्या मुलासाठी हा खेळ फार मोलाचा आहे. त्याला वर्ग कळतो आणि वर्गाला तो.

## पायरी ५: आठव्या दिवशी बाक बदला

एका आठवड्यात नकाशा बिनचूक भरता येऊ लागला की आपण खूश होतो. तेव्हाच बाक बदला. कारण मेंदूनं चेहऱ्याबरोबर जागाही बांधून ठेवलेली असते. रोजचा एस.टी. कंडक्टर लग्नाच्या पंगतीत भेटला की "यांना कुठेतरी पाहिलंय" एवढंच वाटतं, तसं मूल दुसऱ्या बाकावर गेलं की नाव हरवतं. गणवेश आणि लाल रिबिनी नसल्या की आणखीच. गावच्या जत्रेत तीच मुलगी परकर-पोलक्यात समोर येऊन "बाई!" म्हणते आणि आपण नुसते हसतो.

म्हणून तीच नावं वेगवेगळ्या जागी आठवा: परिपाठाच्या रांगेत, मैदानावर, नळापाशी, बाजारात. पाठमोरं मूल बघून नाव घ्यायचा सराव करा. चाल आणि आवाज यांवरूनही. काही माणसांना जन्मतः चेहरे ओळखायला फार जड जातं. तुम्ही त्यांपैकी असाल तर चाल, आवाज, दप्तर यांवरच भर द्या आणि मुलांना सरळ सांगा, "मला ओळखायला वेळ लागतो, तुम्ही जवळ येऊन नाव सांगत जा." मुलं आनंदानं सांगतात.

## पायरी ६: रात्री झोपा

नवी आठवण आधी मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाच्या भरवशावर असते. ती पक्की व्हायचं बरंच काम झोपेत होतं. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात २०२२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला, तो आपल्याच कामाचा वाटतो: लोकांना दोन वर्गांतल्या मिळून ८० विद्यार्थ्यांचे चेहरे आणि नावं शिकवली, मग झोपवलं, आणि गाढ झोपेत काही नावं हलक्या आवाजात ऐकवली. ज्यांची गाढ झोप सलग आणि पुरेशी होती त्यांना ती नावं जास्त आठवली. ज्यांची झोप मोडली त्यांना काही फायदा झाला नाही. कानाशी नावं लावून झोपा असं मी म्हणत नाही. जूनमधली ऑनलाइन माहिती भरायची कामं रात्री एकपर्यंत करत बसू नका, एवढं सांगते.

## पायरी ७: नाव ओठांवर अडलं तर

हे होणार. विशेषनामांच्या बाबतीत सगळ्यात जास्त होतं आणि वय वाढतं तसं वाढतं. नावाचा अर्थ आत जागा झालेला असतो, आवाजापर्यंतचा शेवटचा दुवा जुळत नाही.

डोकं धरून ताणत बसू नका. कॅनडात कॅरिन हम्फ्रीज आणि एमी वॉरिनर यांनी २००८ मध्ये दाखवलं की अडलेल्या शब्दाशी जितका वेळ झगडावं, तितका तो पुढच्या वेळी पुन्हा अडायचा संभव वाढतो. दहा सेकंद अडकलेल्यांपेक्षा तीस सेकंद अडकलेले दोन दिवसांनी जास्त अडले. अडकण्याचीही सवय लागते. म्हणून थोडा प्रयत्न करा आणि विचारा: "तुझं नाव आत्ता आठवत नाहीये, सांग बघू." मग ते नाव पुढच्या वाक्यात लगेच वापरा.

अंदाजानं चुकीचं नाव फेकू नका. चुकीचं नाव एकदा त्या चेहऱ्याशी बोललं गेलं की तेही तिथे घर करतं.

## जिथे मी आणि माझे सहकारी पडलो ते खड्डे

भावंडं. घरी आजी एका नातवाला हाक मारताना चौघांची नावं घेते, तेच इथे. ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये सतराशेंहून अधिक लोकांच्या उत्तरांवरून दाखवलं की नावांची अदलाबदल एकाच गटातल्या माणसांत होते, घरच्याला घरच्याचं, मित्राला मित्राचं. कुत्र्याचं नावही त्या घरच्या यादीत असतं. मेंदूत आपल्या माणसांचा एक गठ्ठा असतो आणि घाईत त्यातलं शेजारचं नाव हाती येतं. पट वाचतानाच शाळेत कुणाकुणाची भावंडं आहेत ते टिपा आणि धाकट्याला त्याची स्वतंत्र फांदी द्या, जिचा मोठ्याशी संबंध नाही. "अमकीची बहीण" ही फांदी नव्हे.

जुळी. दोघांना वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या जागी शिका. दोघांतला फरक मुलांना विचारू नका, आईला विचारा.

"ए बाळा", "अगं तू", "तिसऱ्या बाकावरची". या हाका प्रेमानं मारल्या तरी त्यांनी तुमचं आठवण्याचं काम चुकतं. दर वेळी बाळा म्हटलं की एक सराव बुडाला.

आणि गप्प मुलं. यावर थोडं थांबते. दहाव्या दिवशी कोरा नकाशा भरा आणि रिकामे राहिलेले चौकोन बघा. पहिल्या आठवड्यात जी नावं आपोआप बसतात ती दोन टोकांची असतात: जी सारखी उत्तरं देतात ती आणि जी सारखी खोड्या करतात ती. रिकाम्या चौकोनांत मधली बसलेली असतात. वही वेळेवर देणारी, प्रश्न न विचारणारी, मधल्या ओळीतल्या भिंतीकडची. ती वर्षभर कुणाच्या तोंडी स्वतःचं नाव न ऐकता शाळा करू शकतात, आणि करतात. तुमच्या अकराव्या ते पंधराव्या दिवसाचं सगळं काम या चौकोनांवर असू द्या. फळा पुसायला, खडू आणायला, वह्या गोळा करायला याच मुलांना बोलवा, नावानं.

एक वेगळी सूचना. नव्या मुलांची नावं विसरणं हे सगळ्यांचं होतं. पण वर्षानुवर्षं ओळखीच्या माणसांची नावं, आणि त्यांबरोबर रोजच्या वस्तूंचे शब्दही अचानक किंवा वाढत्या प्रमाणात सुटू लागले, तर सराव करत बसू नका. मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.

## पंधराव्या दिवशी, आणि दिवाळीनंतर

पंधराव्या दिवशी कोरा नकाशा शेवटचा भरा, या वेळी बाकांशिवाय: नुसती मुलं डोळ्यांसमोर आणून साठ नावं कागदावर उतरवायची. पन्नासच्या पुढे गेलात तर छान चाललं आहे. पहिल्या वर्षी माझी अडतीस झाली होती.

मग रोजचा सराव लागत नाही, वर्गच तो करून घेतो. फक्त दिवाळीची सुट्टी तेवढी सांभाळा. सुट्टीत निम्म्या दिवशी एकदा यादी न बघता आठवा. शाळा उघडते त्या सकाळी, गेटमधून आत शिरण्याआधी, पुन्हा एकदा. माझे दर वर्षी तीन-चार चौकोन तरी रिकामे निघतात. ती नावं वहीत बघून घेते, दारात उभी राहते आणि ती मुलं आली की "ये" म्हणायच्या आधी त्यांचं नाव घेते.